सहावी पेनल्टी

आयपीएलमध्ये एखादा संघ सलग तीन वर्षं तळाला राहिला, तरी चौथ्या वर्षी तो त्याच स्पर्धेत, त्याच थाटात खेळतो. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये असं नाही. तिथे सर्वांत वर प्रीमियर लीगचे २० क्लब. त्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू असे प्रत्येकी २४ क्लबांचे तीन मजले. त्याच्याही खाली तळघरं आहेतच. दर वर्षी तळाचे क्लब एक मजला उतरतात आणि वरचे एक मजला चढतात. कुणाचीही जागा कायमची नाही. नाव मोठं असो की इतिहास, जिना सगळ्यांना सारखाच.

चॅम्पियनशिपमधून प्रीमियर लीगमध्ये दर वर्षी तीन क्लब जातात. प्रत्येक क्लब हंगामात ४६ सामने खेळतो. पहिले दोन थेट वर जातात. तिसऱ्या जागेसाठी मात्र त्यांच्या खालच्या क्रमांकांचे काही क्लब आपसात लढतात. यालाच प्ले-ऑफ म्हणतात. ही पद्धत १९८७ साली आली. १९९० पासून तिचा अंतिम सामना एकाच दिवशी, एकाच मैदानावर होतो आणि वेम्बली पाडून नव्याने बांधलं जात होतं ती वर्षं सोडली, तर ते मैदान म्हणजे लंडनचं वेम्बली.

या पद्धतीत एक उघड अन्याय आहे. ४६ सामन्यांत कमावलेले गुण प्ले-ऑफमध्ये उपयोगाला येत नाहीत. २०२२-२३ च्या हंगामात लूटन टाउन ८० गुणांसह तिसरा होता आणि कॉव्हेंट्री सिटी ७० गुणांसह पाचवा. दहा गुणांचं अंतर म्हणजे तीन विजय आणि वर एक बरोबरी. तरीही २७ मे २०२३ रोजी दोघे वेम्बलीवर उतरले तेव्हा दोघांची पाटी कोरी होती. आमच्याकडे स्पर्धा परीक्षा देणाऱ्या पोरांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. पूर्व परीक्षेत कितीही गुण मिळवा, मुख्य परीक्षेला सगळे पुन्हा शून्यावर.

या दोन क्लबांकडे माझं लक्ष गेलं ते एका नात्यामुळे. माझ्या फुप्पूचा मुलगा लूटनमध्ये टॅक्सी चालवतो. वयाने मोठा, म्हणून आम्ही त्याला भाईजान म्हणतो. लंडनच्या उत्तरेला पन्नासेक किलोमीटरवर असलेलं हे शहर एकेकाळी हॅट बनवण्यासाठी प्रसिद्ध होतं. क्लबचं टोपणनाव आजही ‘हॅटर्स’च आहे. पुढे मोटारींचे कारखाने आले आणि त्यांच्यामागून कामगार आले. भाईजान राहतो तो बरी पार्कचा भाग. तिथे मिरपूरचे, काश्मीरचे, बांगलादेशचे लोक जास्त. हलाल मटणाची दुकानं, लग्नाच्या कपड्यांची दुकानं, मशिदी, मिठाईवाले आणि या सगळ्याच्या मधोमध लूटन टाउनचं केनिलवर्थ रोड मैदान. क्लब १९०५ पासून तिथेच खेळतो. या मैदानाचं एक प्रवेशद्वार चाळीसारख्या लागून असलेल्या घरांच्या रांगेत आहे. दोन घरांच्या मधून आत शिरायचं, लोखंडी जिना चढायचा, खाली लोकांच्या परसातले वाळत घातलेले कपडे दिसतात आणि पुढच्या क्षणी समोर हिरवं मैदान. त्या अंतिम सामन्याच्या वेळी तिथे जेमतेम दहा हजार माणसांची जागा होती.

भाईजान सांगतो की पहिली कित्येक वर्षं तो त्या दारातून आत गेलाच नव्हता. गोल झाला की स्वयंपाकघरात आवाज यायचा, तेवढंच. सामन्याच्या दिवशी मोहल्ल्यातले वडीलधारे पोरांना घरात बोलवून घेत. ज्या २००९ साली लूटन टाउन लीगमधून बाहेर फेकला गेला, त्याच वर्षी याच शहरात इंग्लिश डिफेन्स लीग नावाची मुस्लिमविरोधी संघटना उभी राहिली. दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. पण त्या वर्षी त्या गल्लीत राहणाऱ्या माणसाला दोन्ही एकदमच सोसाव्या लागल्या.

क्लबची घसरणही साधी नव्हती. १९९२ मध्ये, प्रीमियर लीग सुरू होण्याच्या अगदी तोंडावर, लूटन सर्वोच्च विभागातून खाली आला. पुढे पैशाचे गोंधळ झाले. २००८-०९ चा हंगाम त्यांना उणे ३० गुणांवरून सुरू करावा लागला. दहा गुण एजंटांना दिलेल्या पैशांतल्या गैरप्रकारांबद्दल, वीस गुण दिवाळखोरीच्या प्रकरणाबद्दल. चूक आधीच्या मालकांची, शिक्षा नव्या खेळाडूंना आणि त्याच जुन्या प्रेक्षकांना. क्लब पाचव्या स्तरावर गेला आणि पाच हंगाम तिथेच अडकला. त्यात दोनदा प्ले-ऑफचा अंतिम सामना हरला, २०११ मध्ये तर पेनल्टींवर. २०१४ मध्ये लीगमध्ये परतला, २०१८ मध्ये एक पायरी चढला, २०१९ मध्ये आणखी एक. पेली-रडॉक एम्पान्झू नावाचा खेळाडू २०१३ साली लूटनकडे आला होता, तेव्हा क्लब पाचव्या स्तरावर होता. २०२३ च्या त्या दिवशी वेम्बलीवरही तो होता.

समोरचा कॉव्हेंट्रीही काही कमी पोळलेला नव्हता. मोटारींचंच शहर. प्रीमियर लीगच्या पहिल्या हंगामातला क्लब. २००१ मध्ये खाली आला तो येतच गेला. मैदानाच्या भाड्यावरून असा वाद झाला की २०१३-१४ मध्ये ‘घरचे’ सामने नॉर्थॅम्प्टनला खेळावे लागले. पुढे २०१९ पासून दोन हंगाम बर्मिंगहॅममध्ये. आपल्याच शहरात आपल्याला घर नाही, ही अवस्था प्रेक्षकांनी दोनदा पाहिली. २०१७ मध्ये क्लब चौथ्या स्तरावर घसरला होता. २०१७-१८ च्या हंगामात लूटन आणि कॉव्हेंट्री दोघेही लीग टूमध्ये खेळत होते. पाच वर्षांनी तेच दोघे प्रीमियर लीगच्या दारात उभे होते. आत जाणाऱ्याला किमान १७ कोटी पौंड मिळतील, असा त्या वेळी जाणकारांचा अंदाज होता.

सामना आपल्या वेळेनुसार रात्री सुरू झाला. माझा मुलगा तेव्हा नववीत होता. भाईजानमुळे तो लूटनच्या बाजूने, मी उगाच वाद घालायला कॉव्हेंट्रीच्या. सामना सुरू होऊन काही मिनिटंच झाली असतील, लूटनचा कर्णधार टॉम लॉकयर अचानक कोसळला. कुणाचा धक्का नाही, काही नाही. वेम्बलीवर ८५ हजारांहून अधिक माणसं आणि सगळी चिडीचूप. त्याला रुग्णालयात नेलं. उरलेला सामना त्याने तिथून पाहिला.

२३ व्या मिनिटाला जॉर्डन क्लार्कने लूटनला पुढे नेलं. ६६ व्या मिनिटाला गुस्ताव्हो हॅमरने बरोबरी साधली. जादा वेळेत लूटनचा एक गोल व्हिडिओ पाहून हाताला चेंडू लागल्याबद्दल रद्द झाला. मग पेनल्टी. दोन्ही बाजूंच्या पाचही खेळाडूंनी गोल केले. सहावी पेनल्टी लूटनच्या डॅन पॉट्सने मारली, गोल. कॉव्हेंट्रीकडून सहावा आला फॅन्काटी डाबो. त्याचा चेंडू गोलच्या वरून गेला. लूटन ६-५ ने जिंकला.

टीव्हीवर एकाच वेळी दोन चित्रं दिसत होती. एकीकडे नारिंगी कपड्यांतली माणसं एकमेकांवर उड्या मारत होती. दुसरीकडे एक तरुण मैदानात एकटा, जर्सीत तोंड लपवून. माझा मुलगा नाचायचा थांबला आणि म्हणाला, “अब्बू, आता याला शिव्या घालतील ना?”

मी काही बोललो नाही. उत्तर दुसऱ्या दिवशी बातम्यांतच आलं. डाबो काळा आहे, लंडनमध्ये जन्मलेला. त्याच्यावर समाजमाध्यमांतून वर्णद्वेषी शिव्यांचा मारा झाला आणि क्लबला जाहीर निषेध करावा लागला. २०२० मध्ये कॉव्हेंट्रीने लीग वन जिंकली, त्या संघात हाच डाबो होता. तेव्हा त्याचा रंग कुणाला दिसला नव्हता.

मुलाच्या त्या प्रश्नाने मला खरा त्रास झाला तो वेगळ्याच कारणाने. चौदा वर्षांच्या पोराला हे आधीच कसं कळलं? त्याला इंग्लंडचा इतिहास ठाऊक नाही. पण त्याला २४ ऑक्टोबर २०२१ आठवतो. दुबईत टी-ट्वेंटी विश्वचषकात भारत पाकिस्तानकडून दहा विकेट्सनी हरला. दहा विकेट्स म्हणजे आपल्या एकाही गोलंदाजाला बळी मिळाला नव्हता. सगळ्यांची धुलाई झाली, पण देशनिष्ठेचा हिशोब मागितला गेला एकट्या मोहम्मद शमीकडे. त्याच वर्षी जुलैत युरो चषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या रॅशफर्ड, सँचो आणि साका या तीन काळ्या खेळाडूंच्या पेनल्टी हुकल्या आणि त्यांच्या वाट्याला तेच आलं. माझ्या मुलाने ही दोन उदाहरणं शेजारी शेजारी ठेवली होती. डाबो धावायला लागला तेव्हा त्याला चेंडू कुठे जाईल याची काळजी नव्हती. चुकला तर पुढे काय होईल, याची होती.

पेनल्टी चुकणं यात काही विशेष नाही. मोठमोठ्या खेळाडूंच्या चुकल्या आहेत. बारा यार्डांवरून मारलेला चेंडू कधी आत जातो, कधी नाही. बहुसंख्य समाजातल्या माणसाची पेनल्टी चुकली, तर त्याची फक्त पेनल्टी चुकते. लोक त्याला आळशी म्हणतील, नालायक म्हणतील, संघातून काढा म्हणतील. पण तो कोण आहे, कुठून आला, कुणाच्या बाजूने आहे, असं विचारत नाहीत. आमच्यासारख्यांच्या पोरांना ही सवलत नाही. ती जिंकली की सगळ्यांची, हरली की आमची. म्हणून आमच्या घरांतले आईबाप नकळत एकच गोष्ट शिकवतात: बेटा, तू दुप्पट चांगला हो. मीही हेच ऐकत वाढलो. ऐकायला छान वाटतं, पण त्यात एक ओझं आहे. दुप्पट चांगलं होण्याच्या अटीवर मिळालेली जागा ही जागा नसते, भाड्याची खोली असते. मालकाचा मूड बिघडला की सामान बाहेर.

शमीच्या वेळी कर्णधार विराट कोहली पत्रकारांसमोर बसून ठामपणे त्याच्या बाजूने बोलला, हे मी मुलाला आवर्जून सांगितलं. डाबोच्या बाजूने त्याचा क्लब उभा राहिला, हेही सांगितलं. या गोष्टी लहान नाहीत. शिवी देणारे दोन्हीकडे होते, तसे पाठीशी उभे राहणारेही दोन्हीकडे होते. मुलांना दोन्ही दिसायला हवेत, नाहीतर त्यांना जग अर्धंच कळतं.

त्या रात्री उशिरा भाईजानचा फोन आला. वेम्बलीहून परतलेल्या लोकांना स्टेशनवरून घरी सोडायच्या फेऱ्या मारून तो थकला होता, पण आवाजात वेगळीच मस्ती. म्हणाला, बरी पार्कमध्ये गोरे, काळे, आपले सगळे रस्त्यावर आहेत, मिठाईवाल्याने दुकान उघडं ठेवलंय. मग जरा थांबून म्हणाला, “आज एका म्हाताऱ्या गोऱ्याने मला ‘आपण जिंकलो’ म्हटलं. आपण! तीस वर्षं झाली मला इथे.” मी विचारलं, हरले असते तर तो काय म्हणाला असता? भाईजान हसला. म्हणाला, “तेव्हाही ‘आपण हरलो’ म्हणाला, तर मानीन.”

तो सामना होऊन आता बराच काळ गेला. लूटनला हरलेल्या दिवसांचीही पुरेशी संधी मिळाली. प्रीमियर लीगमध्ये क्लब एकच हंगाम टिकला, २०२४ मध्ये खाली आला आणि २०२५ मध्ये आणखी एक मजला उतरून लीग वनमध्ये गेला. लॉकयर त्या दिवशी बरा होऊन परतला, पण डिसेंबर २०२३ मध्ये बोर्नमथला सामन्यातच त्याचं हृदय बंद पडलं. मैदानावरच्या उपचारांनी तो वाचला. २०२५ च्या मार्चमध्ये लूटनचा मोटारींचा कारखानाही बंद झाला. शहराला हरण्याची सवय आहे.

भाईजान मात्र आता त्या दोन घरांमधल्या दारातून आत जातो, धाकट्या मुलाला घेऊन. मागे फोनवर म्हणाला, परवा घरच्या मैदानावर हरलो, फार वाईट खेळलो, सगळ्यांनी मिळून शिव्या घातल्या. मी विचारलं, कुणाला? म्हणाला, “सगळ्या अकरा जणांना. बिनभेदभाव.”