व्होल्टेजची टिपणं : राऊ (इंदूरजवळ)

१.
संध्याकाळचे सात. काकूंची जुन्या चोकची ट्यूब नुसतीच लुकलुकतेय. "काकू, आधी गीझर बंद करा." गीझर बंद झाला, ट्यूब लागली.

२.
घरात २३० व्होल्ट यायला हवेत. १८० आले की पिवळ्या बल्बचा उजेड निम्म्याहून खाली येतो, वीज मात्र दोन-तृतीयांश जळतेच. डीपीपासून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून, लांब, शेवटच्या खांबावरच्या घराला तोच उजेड महाग पडतो. युनिटचा दर मात्र अंतर बघून कमी होत नाही. हे मला फार खटकतं.

३.
टेस्टर लागतो, ट्यूब लागत नाही. टेस्टरमधल्या निऑनला शंभरच्या आतले व्होल्टही पुरतात.

४.
पाच टक्के व्होल्टेज जास्त, बल्बचं आयुष्य जवळपास निम्मं.

५.
कॅलिफोर्नियात लिव्हरमोरच्या अग्निशमन केंद्रात एक बल्ब १९०१ पासून जळतोय. जेमतेम चार वॉटवर. त्याच्याखाली बसून कुणाचा अभ्यास व्हायचा नाही.

६.
शेतीचा फीडर वेगळा नव्हता तेव्हा रब्बीत गहू-लसणाला पाणी सुरू झालं की गावातले दिवे लाल व्हायचे. व्होल्टेज पडलं की बल्ब कमी करंट ओढतो. मोटर जास्त ओढते, आणि व्होल्टेज आणखी पाडते.

७.
वायरमनच्या थैलीत सिरीजमध्ये बांधलेले दोन होल्डर. एकात ४० चा बल्ब, दुसऱ्यात १०० चा. लावले, तर ४० चा लख्ख आणि १०० चा नुसता लालसर.

८.
"न्यूट्रल उड़ गया, ताई!" खांबावरूनच ओरडला वायरमन. डीपीजवळ न्यूट्रल तुटला की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांशी सिरीजमध्ये येतात, दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट. ज्यांच्याकडे कूलर, इस्त्री, पंप चालू, त्यांचे दिवे मंदावतात. ज्यांच्याकडे एकच दिवा चालू, तो पांढराफटक होऊन उडतो.

९.
जवळच राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे. तिथला इंडस-२ हाही दिवाच. २.५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन त्यात गोल फिरतात आणि वळताना क्ष-किरण देतात. प्रत्येक फेरीत गेलेली ऊर्जा आरएफ व्होल्टेज भरून काढतं. ते सुटलं की शलाका गेली. इलेक्ट्रॉन पुन्हा पहिल्यापासून भरायचे.

१०.
चौकातला सोडियमचा दिवा व्होल्टेज क्षणभर पडलं तरी विझतो. जरा निवल्याशिवाय पुन्हा पेटत नाही.

११.
चांगल्या एलईडीचा ड्रायव्हर १०० ते ३०० व्होल्टपर्यंत करंट सारखाच ठेवतो. २०१५ च्या उजाला योजनेपासून असे दिवे घरोघर पोचले, ते उत्तमच झालं. पण पूर्वी व्होल्टेज पडलं की अख्ख्या आळीला दिसायचं. आता ते फ्रिजच्या कॉम्प्रेसरला तेवढं कळतं.

१२.
१९५६ च्या वीज नियमांत ग्राहकाच्या दारातलं व्होल्टेज सहा टक्क्यांहून वर-खाली जाऊ द्यायचं नव्हतं. म्हणजे किमान २१६. इलेक्ट्रॉनिक मीटरच्या पडद्यावर बहुधा व्होल्टेजही दिसतं. संध्याकाळी सात ते नऊ बघा, तारीख घालून लिहून ठेवा, आणि १९१२ वर तक्रार करताना तो आकडाच सांगा.