आणेवाल्यांची जागा

कुंभकोणम

चि. बाळास,


पत्र पोचलं. कंपनी विकून आलेल्या पैशातून 2028च्या महामहम उत्सवात अन्नदान करायचं आणि तिथल्या तळ्याकाठी आजोबांच्या नावाची फरशी बसवायची, असं तुझ्या मनात आहे. अन्नदान जरूर कर. फरशीचं मात्र जरा थांबव.

तळ्याभोवतीचे 16 मंडप गोविंद दीक्षितांनी बांधवले. ते नायक राजांचे मंत्री. एका मंडपाच्या छताला तुलादान कोरलंय, पारड्यात राजा बसलेला. आपल्या तंजावरच्या भोसल्यांनीही छत्रं उघडून वाटसरूंना जेवू घातलं. पुण्यकर्मच ते. पण जेवून उठणारा राजाला हिशोब विचारू शकत नव्हता.

हिशोब विचारता येईल असं देणं आपल्याच गावच्या मराठी माणसांनी पाहिलं. दिवाण रघुनाथराव इथलेच. डिसेंबर 1884मध्ये मद्रासला त्यांच्या घरी जी मंडळी जमली, त्यांत काँग्रेसची पहिली बोलणी झाल्याचं सांगतात. त्यांचे भाऊबंद सर टी. माधवराव हे त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण. काँग्रेसच्या 1887च्या मद्रास अधिवेशनाचे ते स्वागताध्यक्ष होते. त्या अधिवेशनासाठी सुमारे 8,000 लोकांनी एक आण्यापासून दीड रुपयापर्यंत वर्गणी दिली आणि 5,500 रुपये उभे राहिले. धनवंतांनीही हात सैल सोडला. पण एवढे आणेवाले वहीत असल्यावर अधिवेशन कुणा एका शेटजीचं कसं होणार?

आपल्या काळात याच्या नेमकं उलट घडलं. 2018मध्ये राजकीय पक्षांना देणगी देण्यासाठी निवडणूक रोखे आले. रकमा मोठ्या आणि देणाऱ्याचं नाव मतदारापासून झाकलेलं. सर्वोच्च न्यायालयाने 15 फेब्रुवारी 2024 रोजी ते रद्द केले. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स वगैरेंनी ही लढाई 2017पासून चालवली होती. इतकी वर्षं कज्जा चालवायचा तर कागद गोळा करणारी, आकडे तपासणारी माणसं कुणीतरी पोसावी लागतात. त्याला ना नारळ फुटतो, ना फोटो निघतो. म्हणून तिथे फारसं कुणी देत नाही.

तू दे. उपकार म्हणून नको. तुझी कंपनी विकली गेली ती करारावर भरवसा होता म्हणून, आणि तो भरवसा कोर्टं, लेखापरीक्षण नि निर्भीड वर्तमानपत्रं यांच्या जिवावर टिकतो. ज्याचं घबाड मोठं, त्याला राखणीचा वाटाही मोठा.

तेव्हा माहितीच्या अधिकारात अर्ज करणारे, उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं तपासून लोकांपुढे मांडणारे असे कुणी शोध. एका वर्षात हात झटकू नकोस, निदान पाच वर्षं दे. नाव त्यांच्या जमाखर्चात उघड असू दे, पण कामात ढवळाढवळ नको. आणि एक सांभाळ: सगळा भार एकट्याने उचलू नकोस. दहा-वीस रुपयांसाठी त्यांना दारोदार फिरू दे. ज्या दिवशी त्यांना फक्त तुझाच चेक पुरेल, त्या दिवसापासून ते लोकांना उत्तर देणं सोडतील आणि तुझं तोंड पाहू लागतील.

तुझा,
काका