घरफाळा इथं, मत तिथं

कोल्हापुरातला संभाजीनगरचा स्टँड आणि आयटीआय मागे टाकून आमच्या कळंब्याकडे, गारगोटीच्या रस्त्याला लागलं की प्लॉटचे फलक सुरू होतात. ‘पूररेषेच्या वर’, ‘तलावाच्या कुशीत’, ‘क्लिअर टायटल, तात्काळ खरेदी’. अलीकडे त्यात ‘सर्किट बेंचपासून पंधरा मिनिटं’ याची भर पडलीय. उच्च न्यायालयाचं बेंच 18 ऑगस्ट 2025 ला शहरात सुरू झालं आणि सहा जिल्ह्यांतले पक्षकार यायला लागले, तेव्हापासून इथला प्रत्येक प्लॉट बेंचपासून पंधराच मिनिटांवर आहे. ही मिनिटं पहाटे पाचची असावीत.

गंमत आहे. कोल्हापुरात एके काळी ‘त्याला कळंब्याला नेलं’ म्हटलं की ऐकणारा ‘वकील कोण दिलाय?’ एवढंच विचारायचा. मध्यवर्ती कारागृह इथलं. पुढे काही वर्षं याच तुरुंगातल्या कैद्यांनी वळलेले लाडू अंबाबाईचा प्रसाद म्हणून भाविकांनी हात जोडून घेतले आणि गावाचं नाव जरा निवळलं. पण खरं निवळलं ते जमिनीच्या दराने. आता एजंट तीच उंच भिंत दाखवून सांगतो, ‘एरिया एकदम सेफ, चोवीस तास पोलिस.’

आमच्या घरात सध्या दोन बैठका एकाच वेळी चालू आहेत. डोंबिवलीचे मेहुणे रिटायर व्हायला आलेत. त्यांना कळंब्यात दोन गुंठे घेऊन टाकायचेत. ‘दाजी, राहायला येईन न येईन, पैसा तरी जाग्यावर राहील.’ दुसरीकडे मुलगी हिंजवडीत नोकरीला. तिचं म्हणणं, बाबांनी फंडाचे पैसे बँकेत कुजवण्यापेक्षा तिकडे एक वन बीएचके घ्यावा आणि भाड्याने द्यावा. म्हणजे मुंबईकडचा पैसा कळंब्याला यायला निघालाय आणि कळंब्याचा पुण्याला. ज्याला जिथे राहायचं नाही तिथेच त्याने जागा घ्यावी, यावर मात्र दोन्ही बैठकांचं एकमत आहे.

मेहुण्यांबरोबर एक रविवार प्लॉट बघण्यात गेला. एजंट तरुण होता, बोलायला गोड. चुन्याने रंगवलेल्या दगडावर लाल रंगात आकडा, तसे दगड उसाच्या खोडव्यात ओळीने रोवलेले. खोडवा अजून काढलेला नव्हता. ‘साहेब, दिवाळीनंतर ह्यो रेट ऱ्हायचा न्हाई. बेंच झालं, विमानतळ वाढतोय, आता काय बघायचंच न्हाई.’ मी सातबारा मागितला. त्याने मोबाईलवर दाखवला. गाव ‘कळंबे तर्फ ठाणे’, क्षेत्र बागायत, आणि भोगवटादारांच्या रकान्यात एकाखाली एक दहा-बारा नावं. आडनावं सगळी वेगळी. एकाच रानात एकमेकांना न ओळखणारे एवढे भाऊबंद कुठून आले, हे मेहुण्यांना कळेना.

त्यात न कळण्यासारखं काही नाही. गुंठा म्हणजे तेहेतीस फुटाला तेहेतीस फूट, 1,089 चौरस फूट. जमिनीचे फार बारीक तुकडे पडू नयेत म्हणून 1947 चा तुकडेबंदी कायदा आहे, आणि 2023 च्या अधिसूचनेने बागायतीला किमान 10 आणि जिरायतीला 20 गुंठ्यांची मर्यादा ठरली. मग दोन गुंठे सुटे विकायचे कसे? पाच-सहा अनोळखी माणसं एकत्र आणायची, सगळ्यांची मिळून सामायिक खरेदी करायची, आणि कुठला दगड कुणाचा ते साध्या कागदावर लिहून घ्यायचं. गुंठेवारी नियमित करायचा कायदा 2001 पासून आहे, सवलती येत असतात, मुदती वाढत असतात. सरकार कधी ना कधी माफ करतं, या भरवशावर आमचं निम्मं उपनगर उभं आहे. मी मेहुण्यांना एवढंच म्हटलं, बिनशेतीचा आदेश आणि मंजूर लेआऊट हातात आल्याशिवाय विसार द्यायचा नाही. एजंटाने माझ्याकडे असं बघितलं, की मी त्याच्या लग्नात शिंकलोय.

पैसा जाग्यावर राहतो हे खरं असलं, तरी तो जाग्यावर वाढतो कसा, हे बघायला तलावाच्या बांधावर यावं लागतं. शहरातल्या रंकाळा तलावाला कठडे आहेत, भेळ आहे, सिनेमाची गाणी आहेत. कळंबा तलावाच्या वाट्याला मात्र पहिल्यापासून काम आलं. शाहू महाराज 1894 साली गादीवर आले, त्याच्याही आधी कात्यायनीच्या डोंगराकडून येणारे ओढे अडवून तो बांधून झाला होता, शहराला प्यायला पाणी हवं म्हणून. पंप नाही, वीज नाही. पाणी आपल्या उताराने शहरातल्या पेठांत जाई. मंगळवार पेठेतल्या एका ठिकाणाला आजही ‘पाण्याचा खजिना’ म्हणतात. गावाला आणि शहराच्या काही भागाला अजून याच तलावाचं पाणी येतं. पावसाळ्यात तलाव भरून सांडव्यावरून पाणी पडायला लागलं की पेपरात बातमी येते आणि अख्खं शहर गाड्या काढून बघायला येतं, कणसं भाजणाऱ्या बायकांची चलती होते. आणि कडक उन्हाळ्यात तो तळाला जातो, भेगा पडतात, तेव्हा बघायला फक्त आम्हीच असतो. आता डोंगराकडच्या ओढ्यांच्या काठीही प्लॉट पडले. सांडपाण्याला गटार नसेल तर ते ओढ्याला मिळणार आणि ओढा तलावालाच येणार, त्याला दुसरीकडे जायला जागा नाही. ‘तलावाच्या कुशीत’ म्हणून जे विकलं जातं, ते विकण्यानेच बिघडतं.

कोल्हापूरला उपनगर वसवता येत नव्हतं असं नाही. 1895 मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली ती आधी रस्ते आखून. राजारामपुरीत आजही पत्ता सांगायला पहिली गल्ली, आठवी गल्ली एवढं पुरतं. आखणाऱ्याने दोरी धरली होती हे चालताना कळतं. तिथे आधी रस्ता आला, मग माणसं. कळंब्यात आधी माणूस आला, मग त्याची भिंत, मग चिखल, मग चिखलावर टाकलेला मुरूम, मग विजेचा खांब. रस्ता सगळ्यांत शेवटी, आणि तोही निवडणुकीच्या आधी. माझ्या गल्लीला एक वळण आहे, ते एका घराच्या जिन्यामुळे आहे. जिना आधीचा, गल्ली नंतरची.

दोष कुणाचा म्हणाल तर मोजायला बसलो की स्वतःपर्यंत येतो. कोल्हापूरची महापालिका झाली 15 डिसेंबर 1972 ला. तेव्हापासून शहराची हद्द 66.82 चौरस किलोमीटर, त्यात इंचभर फरक नाही. हद्दवाढीची चर्चा निघते, त्यात कळंब्याचं नाव असतं, गावं बंद होतात, मोर्चे निघतात, चर्चा बसते. 2017 मध्ये मधला मार्ग म्हणून 42 गावांचं प्राधिकरण आलं. गावकऱ्यांचा विरोध मला समजतो: घरफाळा वाढेल, रानावर आरक्षणं पडतील, आणि ज्या महापालिकेला आपल्याच पेठांचं धड होत नाही ती आमचं काय करणार. पण विरोध करायला गावकरी आहेत, बाजूने बोलायला कोण आहे? आम्ही पेठेतून इथे राहायला आलेले. आमचं मतदान अजून पेठेत. गणपतीची वर्गणी पेठेतल्या तालमीला, फुटबॉलच्या सीझनला शिव्या पेठेतल्या संघासाठी, गंगावेशच्या कट्ट्यावरचं म्हशीचं दूध तेवढं खरं दूध. घरफाळा ग्रामपंचायतीला भरतो आणि मत त्या शहराला देतो जिथे आता राहत नाही. ग्रामसभेला बसतात ते ज्यांनी जमिनी विकल्या ते. ज्यांनी घेतल्या ते त्या दिवशी पन्हाळ्याला.

आणि तिसरी जात बंद घरांची. आमच्या मागच्या गल्लीत एक बंगला आहे, मालक परगावी. वास्तुशांतीला मांडव होता, जेवणात तांबडा-पांढरा होता, त्यानंतर कुलूप. फाटकाच्या सळ्यांत वीजबिलं खोचून ठेवलेली, वरचं ताजं, खालची पावसाने भिजून एकमेकांना चिकटलेली. वृंदावनात तुळशीचा वाळका खराटा, त्याच्या बुडाशी गाजरगवत मात्र टवटवीत. नळाचं कनेक्शन आहे, तोटी उघडी राहिलेली. पाण्याच्या दिवशी धार तासभर फरशीवरून वाहते आणि शेवटी आम्ही कुणीतरी कंपाउंडवरून उडी मारून ती बंद करतो. त्या बंगल्याची किंमत या वर्षांत दुप्पट झाली म्हणे. झाली असेल. पण ती त्या कुलपाने वाढवलेली नाही. पाण्याच्या टाकीसाठी पंचायतीत खेटे घातले शेजारच्या निवृत्त कंडक्टरने, खांबावरच्या दिव्यासाठी सह्या गोळा केल्या कोपऱ्यावरच्या शिलाईवाल्या बाईने, शेवटपर्यंत के.एम.टी.ची बस येते ती रोज तिच्यात बसणाऱ्या कॉलेजच्या पोरांमुळे. परगावचा मालक या सगळ्यांची रोजची दगदग दर चौरस फुटाच्या भावाने विकत घेतो आणि त्याला गुंतवणूक म्हणतो.

हेच मी मुलीला सांगायला गेलो, तर ती हसली. ‘बाबा, हिंजवडीसुद्धा अजून ग्रामपंचायतच आहे.’ पुण्याने 2017 मध्ये अकरा आणि 2021 मध्ये तेवीस गावं पोटात घेतली, तरी आयटी पार्कचं गाव सरपंचाच्याच हाती. काचेच्या इमारती, खाली टँकरची रांग. तिच्या सोसायटीत पाण्यावरून होणारी भांडणं ऐकली की मला अगदी घरच्यासारखं वाटतं. मग हिशेब मांडला. समजा फ्लॅट साठ लाखांचा आणि भाडं अठरा हजार. वर्षाचे दोन लाख सोळा हजार, त्यातून मेंटेनन्स, कर, भाडेकरू बदलताना जाणारे रिकामे महिने आणि एजंटाचं एक महिन्याचं भाडं. शंभराला तीन रुपये हाती लागले तर नशीब. ‘पण दर वाढेल ना?’ ती म्हणते. वाढेल, तिथल्या कंडक्टरने आणि शिलाईवाल्या बाईने खेटे घातले तर. आईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्क एक टक्का कमी पडतं, हा तिचा शेवटचा पत्ता. त्यावर तिची आई दोन दिवस खूश होती.

पुराचं मात्र मान्य केलं पाहिजे. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची धोक्याची पातळी 43 फूट. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं आणि 2021 च्या जुलैत त्याहूनही वर. पेठेतले नातेवाईक गाद्या-गोधड्या घेऊन आमच्याकडे आले, हॉलमध्ये अंथरुणं लागली, आणि कळंब्याला राहायला गेलेल्यांना वेड्यात काढणारे त्या आठवड्यात प्लॉटचे भाव विचारायला लागले. जागा कोरडी होती. पण 2019 ला शहराला पाणी देणारी उपसा केंद्रंच पुरात बुडाली, महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. पेट्रोल नाही, भाजी नाही, टँकरसमोर घागरींची रांग. उंचावरचं घर माणसाला बुडू देत नाही, पण तेवढ्याने काही भागत नाही. त्या दिवसांत ज्या घरात माणसं होती त्या घरांतून पिठलं-भाकरी पोहोचली. ज्यांच्या गुंतवणुका होत्या, त्यांचे ‘काळजी घ्या’ असे मेसेज आले. त्यात एक डोंबिवलीचाही होता.

मुलीला मी नाही म्हणून कळवलं. तिने ते अजून आईकडे अपिलात ठेवलंय. मेहुण्यांना म्हटलं, प्लॉट बघू, आदेश असलेला आणि लेआऊट मंजूर असलेला, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. पण बांधून कुलूप लावणार असाल तर माझ्या शेजारी नको. राहायला या, मतदारयादीत नाव इकडे आणा, आणि 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, यातल्या एका तरी ग्रामसभेला सतरंजीवर येऊन बसा.

मेहुणे बराच वेळ विचारात पडले. मग म्हणाले, ‘दाजी, ग्रामसभा ऑनलाईन नसते काय?’

‘असते की रे दादा,’ स्वयंपाकघरातून त्यांची बहीण म्हणाली, ‘आमच्यात पाणीपण ऑनलाईनच सोडतात.’