न टिकणाऱ्या वस्तूची निगा

मराठी समीक्षेने ज्या थोड्या शब्दांवर भिस्त ठेवली, त्यांत 'टिकणे' हा शब्द बराच वरचा आहे. कोणती कविता टिकेल, कोणती कादंबरी काळाच्या कसोटीला उतरेल, हे प्रश्न विचारण्यात माझी चाळीस वर्षे गेली. भिलाईत वाढलेल्या माणसाला तर टिकाऊपणाची महती वेगळी सांगावी लागत नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि पुढे येथल्या रुळांवरून देशभर गाड्या धावू लागल्या. वडील विदर्भातून या कारखान्यात नोकरीला आले. आम्ही दोघे भाऊ सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये वाढलो. जे टिकते ते मोलाचे, हे समीकरण आमच्या अंगवळणीच पडले होते. त्याला धक्का लागला तो एका पेयामुळे. आणि तोही ज्या घरात त्या जातीच्या पेयाचे नाव काढले जात नव्हते, त्या माझ्याच घरात.

माझा धाकटा भाऊ दारूने गेला. तो कारखान्यात पाळीने काम करी आणि गणेशोत्सवात गात असे. त्याच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण कोणी केले नाही. त्याची अखेरची पाच वर्षे मात्र सर्वांच्या स्मरणात पक्की कोरली गेली आहेत. नातेवाइकांत त्याचा विषय निघाला, की बोलणे शेवटापासून सुरू होते आणि शेवटापाशीच थांबते. त्यामुळे अमेरिकेत पोर्टलंडला स्थायिक झालेला माझा मुलगा घरी बीअर करू लागल्याचे कळले, तेव्हा त्याच्या आईने काही न बोलता फोन माझ्या हाती दिला आणि ती आत निघून गेली. तेथे त्याला कायद्याची मुभा आहे. १९७८ साली अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरगुती बीअर करमुक्त झाली. एका घराला वर्षाकाठी २०० गॅलनपर्यंत. आमच्या छत्तीसगडातही आदिवासींना स्वतःच्या वापरापुरती मोहाची दारू गाळण्याची मर्यादित सूट आहे. परंतु कायद्याची मुभा ही मनाची मुभा नसते. पुढे मी मुलाकडे दोन महिने राहिलो, ते हा अवघडलेपणा बरोबर घेऊनच.

तो जी बीअर करतो तिच्या नावातच आपला देश आहे: इंडिया पेल एल. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागातील हॉजसनच्या भट्टीतून हिंदुस्थानातल्या इंग्रजांसाठी बीअरची पिंपे जहाजांवर चढत. केप ऑफ गुड होपला वळसा घालून येण्यात महिनेच्या महिने जात. वाटेत ती आंबू नये म्हणून तिच्यात हॉप्सची कडू फुले सढळ हाताने घालत; काही मूठभर तर भरलेल्या पिंपातच टाकत. हॉजसननेच हा प्रकार शोधून काढला, ही कथा इतिहासकार मान्य करीत नाहीत. पण दूरचा प्रवास सोसणे हा या पेयाचा लौकिक होता, यात शंका नाही.

त्याच कुळातले आजचे अपत्य मात्र नेमक्या उलट स्वभावाचे आहे. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातील वॉटरबरी येथे २००३ साली सुरू झालेल्या 'द अल्केमिस्ट' या छोट्या मद्यशाळेने जी वाट रुळवली, तीतून 'हेझी आयपीए' हा प्रकार पुढे आला. २०१८ साली तेथील मद्यनिर्मात्यांच्या संघटनेने त्याला स्वतंत्र वर्ग म्हणून मान्यता दिली. 'हेझी'ला मराठी शब्द शोधताना मी अडलो. 'गढूळ' म्हटले तर निंदा होते; आपल्याकडे पाण्याची आणि शैलीचीही स्तुती 'निवळ' या एकाच शब्दाने होते. शेवटी मी 'धूसर' म्हणू लागलो. ओट आणि गहू यांतील प्रथिने व हॉप्समधील द्रव्ये एकमेकांना धरून तरंगत राहतात, त्यामुळे हा धूसरपणा येतो. रंग संत्र्याच्या रसासारखा, कडवटपणा बेताचा आणि सारा भर सुगंधावर.

हा सुगंध येतो कोठून? हॉप्सच्या वेलीच्या मादीफुलांत पिवळसर भुकटीसारखे कण असतात. त्यांत कडवट द्रव्येही असतात आणि सुगंधी तेलेही. माल्टच्या काढ्यात हॉप्स उकळले की कडवटपणा उतरतो, पण तेले वाफेबरोबर निघून जातात. म्हणून हॉप्सचा मोठा वाटा उकळीच्या वेळी न घालता, काढा थंड होऊन आंबल्यावर घालतात. यालाच ड्राय हॉपिंग म्हणतात. आपल्या गृहिणींना हे वेगळे शिकवावे लागणार नाही: बासुंदी आटल्यावर वेलदोड्याची पूड, भाजी उतरवल्यावर कोथिंबीर. मुलगा १९ लिटर बीअरमध्ये सुमारे २०० ग्रॅम हॉप्स घालतो आणि दोन-तीन दिवसांहून अधिक काळ ते आत ठेवीत नाही; फार काळ राहिले तर गवताची चव उतरते.

येथवरचे काम सोपे. खरी कसोटी पुढे लागते, आणि ती हवेशी असते. ज्या वायूला मराठीने 'प्राणवायू' असे नाव दिले, तोच या सुगंधाचे प्राण घेतो. गंमत अशी, की आरंभी तो हवाच असतो. यीस्टला आपली वाढ करून घेण्यासाठी प्राणवायू लागतो. म्हणून थंड झालेला काढा मुद्दाम घुसळतात. आंबण्याची क्रिया सरत आली, की तोच मित्र वैरी होतो. हॉप्स घालण्यासाठी झाकण उघडावे तर हवा शिरते. म्हणून मुलगा आंबणे थोडे शिल्लक असतानाच ते घालतो. आत आलेला प्राणवायू यीस्ट शोषून घेते. बाहेर पडणाऱ्या वायूबरोबर थोडा गंधही जातो, तेवढी किंमत तो मोजतो. मग भांडे थंड करायचे, तर आतला वायू आकसून बाहेरची हवा ओढतो; म्हणून नळीला कार्बन डायॉक्साइडने भरलेला फुगा लावलेला. शेवटी पोलादी पिंप जंतुनाशक पाण्याने काठोकाठ भरायचे, ते पाणी कार्बन डायॉक्साइडच्या दाबाने बाहेर ढकलायचे आणि त्या हवा नसलेल्या पोकळीत बंद नळीतून बीअर उतरवायची. मोठ्या मद्यशाळांत भरलेल्या डब्यातील प्राणवायू अब्ज भागांत पन्नास भागांहूनही कमी ठेवण्याची खटपट करतात.

हे पाहताना मला भिलाई आठवत होती. आमच्या गावाने प्राणवायूला शुद्धी करणारा म्हणूनच ओळखले. १९८०च्या दशकात येथे कन्व्हर्टर आले. वितळलेल्या लोखंडात शेकडा चारच्या आसपास कार्बन असतो; वरून प्राणवायूचा प्रचंड झोत सोडला, की १५ ते २० मिनिटांत तो जळून जातो आणि पोलाद उरते. माझ्या भावाची पाळी याच ज्वाळांसमोर असे. २०२१ सालच्या साथीत याच कारखान्याचा प्राणवायू अनेक राज्यांतल्या रुग्णांपर्यंत पोहोचला. एकच वायू लोखंडाला मोल देतो, माणसाला श्वास देतो आणि फुलाचा गंध मारतो. त्याचा गुण किंवा दोष तो कोणत्या क्षणी येतो, यावर ठरतो.

एका संध्याकाळी मुलाने माझ्यासमोर दोन पेले ठेवले. मी पीत नाही. मी फक्त वास घेतला. पहिला पेला पिंपातला होता. त्याला पिकलेल्या आंब्याचा, संत्र्याच्या सालीचा गंध होता. दुसरा त्याच खेपेचा, पण उघड्यावर भरलेल्या बाटलीतला, तीन आठवड्यांचा. त्याचा रंग मळकट, तपकिरीकडे झुकलेला. गंध भिजलेल्या पुठ्ठ्याचा. मी नाक मुरडले तेव्हा तो म्हणाला, "बाबा, यावरून तिची परीक्षा करू नका. ही मुळात अशी नव्हती, हवा लागून अशी झालीय."

वाक्य बीअरविषयी होते. माझ्या मनात ते दुसरीकडे जाऊन पोहोचले. आपण माणसाचे मूल्यमापन बहुधा त्याच्या उरलेल्या गाळावरून करतो. जे अखेरीस हाती लागले तेच सत्य मानतो, आणि जे ताजे असताना अनेकांना मिळाले ते टिकले नाही म्हणून हिशेबात धरत नाही. माझ्या भावाचे गाणे ज्या रात्री झाले त्या रात्री ते पूर्ण होते. पुढे जे झाले त्याने ते खोटे ठरत नाही. याचा अर्थ मी दारूला क्षमा केली असा नाही. आमच्या घरातली रिकामी जागा तिनेच केली आहे, आणि कारागिरीचे कितीही कौतुक वाटले तरी ती भरत नाही. मुलालाही हे ठाऊक आहे. तो पिंपावर भरल्याची तारीख लिहितो, पेला मोजून घेतो आणि काकाचा विषय टाळत नाही.

समीक्षकाला मात्र येथून एक वेगळे काम मिळाले. टिकेल काय, या प्रश्नाआधी आणखी एक प्रश्न असतो: ही वस्तू ताजी असताना काय होती, आणि तेव्हा तिच्यापाशी कोण होते? भिलाईला परतल्यावर मी भावाच्या जुन्या सोबत्यांकडे जाऊ लागलो आहे. कोणत्या वर्षीच्या गणेशोत्सवात त्याने काय गायिले, पेटीवर कोण होते, कोणत्या पदाला लोकांनी पुन्हा गाण्याचा आग्रह केला, हे मी वहीत उतरवतो आहे. आवाज त्यातून परत येणार नाही. पण यापुढे त्याची हकिकत कोणी सांगू लागले, तर ती निदान अलीकडून सुरू होईल.