चिंचोक्यांची बेरीज

पहिलीतल्या मुलाला "पाच आणि तीन किती?" असं विचारलं, की ते आपल्या तोंडाकडे बघत राहतं. तेच "तुझ्याजवळ पाच चिंचोके होते, मी आणखी तीन दिले, आता किती झाले?" असं विचारा, ते लगेच मोजू लागतं. मुलांना बेरीज कळत नाही असं फार क्वचित असतं. अडतं ते बहुधा आकड्यांच्या नावांपाशी आणि चिन्हांपाशी.

यजमानांच्या बदलीमुळं आम्ही साताऱ्याहून चेन्नईला आलो आणि याचा अनुभव घरातच आला. धाकटा तेव्हा पहिलीत होता. घरात मराठी, वर्गात इंग्रजी आणि अंगणात तमिळ! साताऱ्याच्या बालवाडीत खडाखडा आकडे म्हणणारा हा मुलगा इथं मुका झाला. पहिल्या चाचणीनंतर शाळेतून शेरा आला, 'गणितात कच्चा'. सहा वर्षांच्या पोराच्या कपाळी असा शिक्का बसला, की आईच्या पोटात खड्डा पडतो. त्याहून वाईट म्हणजे, मूलही तो शिक्का खरा मानू लागतं.

त्याची वही मी नीट पाहिली. बाईंनी इंग्रजीत सत्तावीस सांगितले, की हा लिहायचा ७२. मनातल्या मनात तो मराठी करत होता, आणि आपल्या 'सत्तावीस'मध्ये सात आधी येतात, वीस मागून. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' अशी वाचनाची सोपी रीत आली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता! तमिळमध्ये मात्र सत्तावीसला 'इरुबत्ति एळु' म्हणतात, म्हणजे सरळ वीस-सात. तेरा म्हणजे 'पदिमून्रु', दहा-तीन. इथल्या मुलांना दशक-एकक जिभेवरच मिळतात.

दुसऱ्या सहामाहीत वर्गाला नव्या बाई आल्या. त्यांनी वर्गात आणली पल्लांगुळी. तमिळ घरांतून आज्या-नातींनी पिढ्यान् पिढ्या खेळलेला हा खेळ. लाकडी पाटीवर दोन रांगांत सात-सात असे चौदा खळगे असतात. एका खळग्यातले चिंचोके किंवा कवड्या उचलायच्या आणि पुढच्या खळग्यांत एकेक पेरत जायचं. एका प्रकारात खळग्यात चार जमले की त्याला 'पसु', म्हणजे गाय म्हणतात. खळग्याचा मालक ते चार उचलतो. तिनात एक पडला की चार होतात, हे मुलांना सांगावं लागत नाही. गाय मिळवण्यासाठी त्यांचा डोळा त्यावरच असतो!

मग बाईंनी त्यातून आपला वेगळा खेळ काढला. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे कापून त्यांनी दहा-दहा खळग्यांचे तुकडे केले, पाच-पाचाच्या दोन रांगांचे. दोघादोघांची जोडी. दोन फासे टाकायचे, पडतील तितके चिंचोके खळग्यांत ठेवायचे. दहा भरले, की ते देऊन एक कवडी घ्यायची. कवडी डावीकडे, सुटे चिंचोके उजवीकडे. सत्तावीस म्हणजे डावीकडे दोन कवड्या आणि उजवीकडे सात चिंचोके. माझ्या मुलाचा ७२ त्या मांडणीनं पुसून टाकला.

बाईंनी मला एकदा वर्गात बसू दिलं. "अम्मा, त्यांची बोटं बघा," त्या म्हणाल्या. सुरुवातीला सहा आणि तीन पडले, की मुलं एकपासून सगळे ठिपके मोजत. काही आठवड्यांनी सहा तसेच ठेवून "सात, आठ, नऊ" असं पुढं मोजू लागली. बेरजेतली ही मोठी पायरी. आठांत पाच मिळवताना आधी दोन घालून दहा पुरे करायचे, उरले तीन, झाले तेरा. ही युक्ती रिकाम्या खळग्यांनीच शिकवली. चूक झाली तर लाल फुली नाही. समोरचा गडी ओरडतो, "पुन्हा मोज!" आणि मूल न रडता पुन्हा मोजतं.

पण नुसता खेळ पुरत नाही. प्रत्येक डावानंतर पाटीवर ८ + ५ = १३ असं लिहायचंच, हा बाईंचा नियम होता. नाहीतर खेळ खेळच राहतो आणि वही परकी वाटते. शिवाय हुशार मूलच नेहमी जिंकू नये म्हणून फासे हवेतच. दैवाचा थोडा वाटा असला, की मागं पडणाऱ्यालाही हुरूप येतो.

चेन्नईला ही परंपरा नवी नाही. १९३९ मध्ये मारिया मॉन्टेसरी इथल्याच अड्यारला आल्या आणि त्यांनी शिक्षकांचे वर्ग घेतले. पुढच्या वर्षी इटली युद्धात उतरल्यावर त्यांच्या मुलाला, मारिओला, आपल्या अहमदनगरला नजरकैदेत ठेवलं होतं. २००३ पासून चेन्नई महापालिकेच्या शाळांत कार्डं आणि साधनं घेऊन गटागटानं शिकण्याची पद्धत सुरू झाली आणि पुढं राज्यभर पसरली. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी आजूबाजूच्या वस्तूंचीच साधनं केली होती. महागड्या खेळण्यांवाचून काही अडत नाही.

वर्ष संपताना मुलाच्या प्रगतिपुस्तकावर गणिताचा शेरा बदलला होता. पण मला समाधान वाटलं ते निराळ्याच गोष्टीनं. दुसरीत त्याच्या वर्गात ओडिशाहून आलेली एक मुलगी दाखल झाली. तिला ना तमिळ येत होतं, ना इंग्रजी. सगळे म्हणत, तिला काहीच येत नाही. आमच्या चिरंजीवांनी घरी येऊन सांगितलं, "आई, तिला सगळं येतं. मी तिला फासे दिले, तर तिनं मलाच हरवलं!"