करवती घेऊनच येते

नागपूर, मंगळवार रात्र

आई,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि वहिनी अर्धंच सांगते, म्हणून लिहिते. नातवाला म्हणावं, मोठ्यानं वाच, मधलं गाळू नको.

लेकीच्या लग्नासाठी करवती साडी घ्यायला निघाले, तर गाडीत यवतमाळपर्यंत उभीच होते. पुढे एका डेपोत चौकशीच्या खिडकीत गाडीची वेळ विचारली, तर आतला बुवा मोबाईलमधून मान वर न काढता म्हणतो, "अर्ध्या तिकिटात जाता ना, मग घाई कायले करता?" 2023 पासून बायांना अर्धं तिकीट झालं, ते जणू याच्याच पगारातून कापतात! अजून डोक्यातून जात नाही. नागपुरात दीक्षाभूमी ऑटोतून पाहिली. तर्रीपोहे तिखटजाळ, पण बरे होते.

भंडारा, बुधवार

थंडी भल्ली आहे. लॉजवर गरम पाणी सहा ते सात म्हणतात; साडेसहाला नळ सोडला तर बर्फ. दादाचा मफलर कानाला बांधूनच झोपते. जेवायला सकाळी भात, रात्री भात, वर लाखोळीचं वरण. वांग्यात पोपटाचे दाणे घातलेली भाजी मात्र मागून मागून खाल्ली, तुला आवडली असती. भाकरी मागितली तर खानावळवाली माझ्याकडे बघतच राहिली. धानाचा मुलूख, ती तरी ज्वारी कुठून आणणार! कापूस वेचणीला बाया मिळाल्या का? नसतील तर दादाला म्हणावं, मी येईपर्यंत चिडचिड करू नको.

आंधळगाव, गुरुवार

मोहाडीला चौंडेश्वरीपुढे नारळ फोडला आणि इथे आले. कोष्टीकाका खड्ड्यात पाय सोडून मागावर बसलेले. धोटे तीन, दोन काठांचे आणि एक अंगाचा. अंग कोशाच्या रेशमाचं, काठ सुताचा. दर फेरीला अंगाचा धागा काठाच्या धाग्यात अडकून माघारी फिरतो, म्हणून काठ वेगळा जोडावा लागत नाही. त्यांनी साडी उलटी करून सांधा दाखवला. मी नखानं ओढून पाहिला, हलला नाही. काठावर करवतीसारखे दात एकसारखे, म्हणूनच ही करवती. मध्ये त्यांचा फोन वाजत राहिला, पण फेरी पुरी झाल्याशिवाय उचलला नाही.

कोष हातात घेऊन पाहिला. करडा, टणक, वर देठ. त्या देठाचंच कडं फांदीला घट्ट बसतं. हे कोष करणाऱ्या अळ्या घरात नाहीत, उघड्या रानात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढतात. ढिवर लोक पाखरं हाकलत दिवसभर झाडांखाली असतात. मग आतला किडा मारून कोष सोड्याच्या पाण्यात उकळायचे आणि धागा काढायचा. काकांची आई म्हणाली, आम्ही मांडीवर वळून काढत होतो, आता यंत्र आलं.

महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकाला तू कोशाचं लुगडं नेसतेस, त्याला विटाळ नाही म्हणतेस. किडा उकळून काढलेल्याला विटाळ नाही आणि वहिनीच्या स्वच्छ धुतलेल्या सुती साडीला आहे, हे काही मला पटलं नाही. येऊन भांडू.

भंडारा, शुक्रवार

इथल्या एका दुकानात करवती म्हणून दाखवली ती साडी उलटी केली, तर दात नुसते छापलेले! भाव वर तोंड करून सांगत होता. तशीच घडी घालून परत दिली.

शेवटी काकांकडूनच घेतली. दहा हजारांच्या वर गेली. पाचशे कमी करा म्हटलं, तर म्हणाले, "काठाचे दात कमी करून देऊ का?" यावर काय बोलणार! लाल काठाची, अंग कोशाच्या मूळ रंगाचं. रंगवलेलं नको, लग्नात मिरवायला बाकीच्या आहेतच. ही साडी लेक पुढे पूजेलाही नेसेल. वहिनी फिका रंग म्हणून नाक मुरडेल, तिला मांडवात उन्हाला धरून दाखव.

उद्या रात्रीच्या गाडीनं निघते. दादाला स्टँडवर पाठव, पण उशिरा. गाड्यांचा भरवसा नाही. आणि मावशीला भाव सांगू नको. ती गावभर दोन हजार कमी करून सांगते, मग सगळ्या तशाच भावात आणून दे म्हणतात.

तुझी लेक