जाड फिल्मचं दुखणं

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून परमँगनेटचा जांभळा मला निळसर दिसतो. ज्याने आयुष्यभर परमँगनेटच्या बाथमध्ये स्टीलची पट्टी बुडवून तिच्यावर सुपरकपॅसिटरसाठी मँगनीज ऑक्साइडची फिल्म वाढवली आणि बीकरच्या रंगावरून पट्टी कधी उचलायची ते ठरवलं, त्यालाच हे दुखणं कळेल. बाथ गढूळ झाला की साका फिल्मवर येऊन सैल बसतो; त्याच्या जरा आधीची वेळ साधायची असते. ती मी नजरेने साधायचो आणि त्याचा मला गर्व होता, अजूनही आहे. माझी विद्यार्थिनी आता थोड्या थोड्या वेळाने नमुना काढून ५२५ नॅनोमीटरला शोषण मोजते. तिच्या फिल्म माझ्या फिल्मइतक्याच चांगल्या येतात. हे लिहिणं जिवावर येतं.

पण खरी अडचण पट्टी वाळताना सुरू होते. मँगनीज ऑक्साइडची पातळ फिल्म स्टीलला घट्ट धरून राहते. तीच जाड केली की पाणी उडताना आकसते. आधी कडेला केसासारख्या भेगा दिसतात, मग कोपरा उचलला जातो आणि खाली चकचकीत स्टील उघडं पडतं. पट्टी घासून खरबरीत केली, आम्लात बुडवली, झाकून सावकाश वाळवली, थर देता देता मधेच तापवली. तापवल्यावर फिल्म चिकटते खरी, पण तिच्यातलं पाणी जातं आणि त्यासोबत आयनांच्या आत शिरायच्या वाटाही बुजतात. आणि जाड फिल्म टिकलीच, तर आतला भाग आळशी निघतो, कारण या ऑक्साइडमधून वीज फार कष्टाने वाहते. रात्री अंथरुणावर पडल्यावरही मी त्या उचललेल्या कोपऱ्याचाच विचार करतो.

रासायनिक बाथमधून फिल्म बनवण्याची आमच्या कोल्हापुरात मोठी परंपरा आहे. व्हॅक्यूम पंपाशिवाय, बीकर आणि हॉट प्लेटवर इथे उत्तम संशोधन झालं. त्यामुळेच सध्याची आकड्यांची शर्यत मला सहन होत नाही. चौरस सेंटिमीटरवर ०.२ मिलिग्रॅम फिल्म आणि ग्रॅमला ५०० फॅरड असं छापलं की टाळ्या पडतात. प्रत्यक्षात त्या चौकोनात साठतो ०.१ फॅरड. ग्रॅमला १०० फॅरडच देणारी ५ मिलिग्रॅमची फिल्म तेवढ्याच जागेत ०.५ फॅरड देते, पण तिला कोणी विचारत नाही. शिवाय ०.२ मिलिग्रॅम वजन करताना ०.०२ चा फरक पडला तरी उत्तर दहा टक्क्यांनी हलतं, आणि तेवढा फरक पट्टीला लागलेल्या बोटानेही पडतो. निकेल फोमवाल्यांचं तर विचारूच नका: पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये फोमचा स्वतःचा पृष्ठभागही विद्युतभार साठवतो, आणि तो खुशाल पदार्थाच्या नावावर जमा होतो. गोगोत्सी आणि सिमॉन या संशोधकांनी २०११ मध्येच 'सायन्स' या नियतकालिकातून बजावलं होतं, की अत्यल्प वजनावरचे ग्रॅममागचे आकडे खऱ्या उपकरणाबद्दल दिशाभूल करतात. बाजारातल्या सुपरकपॅसिटरच्या इलेक्ट्रोडवर चौरस सेंटिमीटरला साधारण १० मिलिग्रॅम पदार्थ असतो.

मला त्या दहाच्या जवळ जाणारी, न सुटणारी फिल्म हवी आहे. आणि खरं सांगायचं तर ती माझ्या हातून व्हावी, विद्यार्थिनीच्या नव्हे, असंही वाटतं.

नव्या मुलांना एवढीच विनंती: पेपर हातात आला की आधी चौरस सेंटिमीटरला किती मिलिग्रॅम ते शोधा. तो आकडा नसेल, तर पुढचे फॅरड वाचू नका.